प्रयोग क्रमांक

मराठी माणूस आयुष्यात दोनच गोष्टी बिनचूक मोजतो. एक, दुसऱ्याच्या लग्नात उठलेल्या पंगती आणि दुसरी, नाटकाचे प्रयोग. स्वतःच्या लग्नाला किती वर्षं झाली हे बायकोला विचारून सांगणारा गृहस्थसुद्धा अमुक नाटकाचा हजारावा प्रयोग कुठल्या थेटरात झाला आणि आपण त्या वेळी बाल्कनीत कितव्या रांगेत होतो, हे झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेल. पेपरातल्या जाहिरातीत नाटकाचं नाव बारीक असतं, पण आकडा लांबून दिसतो. पूर्वी शंभरावा, पाचशेवा, हजारावा अशी भारदस्त स्टेशनं होती. मग गाडी १११व्या, ३३३व्या आणि ५५५व्यालाही थांबायला लागली. उद्या कोणी ‘सलग ७३वा’ असा महोत्सव केला तर मला आश्चर्य वाटणार नाही. हार तयारच असतात.

या महोत्सवी प्रयोगांचा मला थोडा अनुभव आहे. दादरला शिवाजी मंदिरात मी असे पुष्कळ पाहिले. पहिला अंक संपतो, दिवे लागतात, तुम्ही बटाटेवड्याच्या दिशेने अर्धे उठलेले असता आणि तेवढ्यात ध्वनिक्षेपकावर ‘रसिकहो, कृपया जागा सोडू नका’ अशी विनंती होते. पडदा पुन्हा वर जातो. मघाशी जिथे नायकाचा दिवाणखाना होता तिथे आता पांढरी चादर घातलेलं टेबल, त्यावर हारांचं ताट आणि टेबलामागे सात खुर्च्या. मग सत्कार सुरू होतात. प्रमुख पाहुण्यांनी नाटक पाहिलेलं नसतं, पण ‘वेळात वेळ काढून’ ते आलेले असतात आणि तो काढलेला सगळा वेळ ते तिथेच खर्च करतात. सर्वांत गंमत म्हणजे पहिल्या अंकाच्या शेवटी तुमच्यादेखत गोळी लागून मेलेला गृहस्थ हसत हसत येऊन सन्मानचिन्ह घेतो. पुढे तिसऱ्या अंकात त्याची विधवा कितीही पोटतिडकीने रडली तरी आपल्याला दुःख म्हणून होत नाही. तो आत बसून पेढे खातोय हे आपल्याला ठाऊक असतं.

तरीसुद्धा मी अशा प्रयोगांना जातो. कारण मी पडलो मालवणकडचा आणि आमच्या मुलखाला आकड्यांचं वेड लावलं ते ‘वस्त्रहरण’ने.

गंगाराम गवाणकरांचं हे मालवणी नाटक १९८० साली रंगभूमीवर आलं. एका गावात हौशी मंडळी ‘द्रौपदी वस्त्रहरण’ बसवतात आणि प्रयोगाच्या रात्री जे जे बिघडायचं ते ते सगळं बिघडतं, एवढीच गोष्ट. सुरुवातीला म्हणावा तसा प्रतिसाद नव्हता. मग पु. ल. देशपांड्यांनी ते पाहिलं, पत्र लिहून तोंड भरून कौतुक केलं आणि नाटकाचं नशीब फिरलं. मालवणजवळच्या रेवंडीचे मच्छिंद्र कांबळी तात्या सरपंच झाले आणि बघता बघता प्रयोगांचा आकडा पाच हजारांच्या वर गेला. लंडनच्या थेटरात मालवणी गाळ्या घुमल्या. २००७ साली मच्छिंद्र कांबळी गेले तेव्हा आमच्याकडे घरातलंच माणूस गेल्यासारखं झालं होतं.

गवाणकर मूळचे राजापूर तालुक्यातल्या माडबनचे. पण सिंधुदुर्गात कुठल्याही गावात जा, ‘ह्या नाटाक आमच्याच गावावरसून उचललेला आसा’ असं छातीवर हात ठेवून सांगणारी चार माणसं भेटतातच. माझ्या आजोळीही ती आहेत. फरक इतकाच, की आमच्या आजोळचं नाट्यमंडळ पाहिल्यावर तुम्हालाही ते पटेल.

मालवणहून कट्ट्याच्या बाजूला जाताना आत वळलं की आमचं आजोळ लागतं. तिथलं मंडळ दर वर्षी माघातल्या वार्षिक पूजेला नाटक करतं. नाटक म्हणजे तेच नाटक. संगीत, पौराणिक, तीन अंकी. १९९७ साली पहिल्यांदा केलं, तेव्हापासून दुसरं केलेलं नाही. यामागे कलाविषयक भूमिका वगैरे काही नाही. त्या नाटकाचं पुस्तक एका वाचनालयातून आणलं होतं, ते परत करायचं राहिलं आणि आता दुसरं पुस्तक मागायला जायचं तोंड उरलं नाही. शिवाय राजाचा मुकुट, ऋषीची जटा आणि नायिकेचा शालू त्याच नाटकाच्या मापाचे आहेत. नायिका पंचवीस वर्षं एकच आहे. ती तालुक्याला सरकारी नोकरी करायची, आता निवृत्त झाली. वर्षातून एकदा ती मिशी काढते आणि त्यानंतर आठवडाभर तिची बायको तिच्याशी बोलत नाही.

तर २०२२ सालची गोष्ट. त्या वर्षी ६ नोव्हेंबरला मुंबईत षण्मुखानंद सभागृहात प्रशांत दामल्यांनी ‘एका लग्नाची पुढची गोष्ट’ करून आपला १२,५००वा प्रयोग साजरा केला. मुख्यमंत्री-उपमुख्यमंत्री हजर, फोटो सगळ्या पेपरांत. तो फोटो आमच्या मंडळाच्या चिटणिसांनी पाहिला आणि त्यांची झोप उडाली. डिसेंबरात मी नाताळच्या सुट्टीला गावी गेलो तो तडक बैठकीतच नेऊन बसवला गेलो. मला त्यांनी स्वागताध्यक्ष केलं होतं. चाकरमानी हे आमच्याकडे वर्गणीचं झाड समजतात. दिवाळीला हलवलं, नाताळात हलवलं, काही ना काही पडतंच.

“माघात आपल्या नाटकाचा पंचविसावा प्रयोग,” चिटणीस म्हणाले. “रौप्यमहोत्सव. दणक्यात करूक व्हयो.”

इथे खजिनदारांनी चष्मा पुसला. खजिनदार म्हणजे गणिताचे निवृत्त मास्तर. ते म्हणाले, “पंचविसावा कसो? १९९७पासून २०२३पर्यंत सत्तावीस वर्षां होतत.”

“कोरोनाची दोन वर्षां नाटाक झाला नाय. ती वजा.”

“बरा. मग पावसाचा वर्स?”

बैठकीत शांतता पसरली. माघात कोकणात सहसा पाऊस पडत नाही, पण एका वर्षी तो आमच्या दुसऱ्या अंकाच्या शेवटी आला आणि तिसरा अंक झालाच नाही. राजा, ऋषी आणि प्रेक्षक एकाच मांगरात रात्रभर उभे होते. तो प्रयोग धरायचा की नाही? न धरावा तर माघातला प्रयोग चोविसावा होतो आणि चिटणिसांनी पंचविसाव्याची पावतीपुस्तकं छापून आणलेली. धरावा तर उद्या विरोधी वाडीतली माणसं नावं ठेवणार. तासभर वाद झाला. शेवटी खजिनदारांनी कागद ओढला. त्यांना आठवलं, की एका वर्षी प्रमुख पाहुणे उशिरा आले म्हणून पहिला अंक त्यांच्यासाठी दुसऱ्यांदा करावा लागला होता. पावसाच्या वर्षी दोन तृतीयांश प्रयोग झाला, पाहुण्यांच्या वर्षी एक तृतीयांश जास्तीचा झाला. दोन तृतीयांश अधिक एक तृतीयांश, बरोबर एक. प्रयोग पंचवीस! आयुष्यभर पोरांना अपूर्णांक शिकवल्याचं सार्थक त्या रात्री मास्तरांच्या तोंडावर मी पाहिलं.

कोपऱ्यात खांबाला टेकून माझे मामा बसले होते. ते मंडळाचे सभासद नव्हेत, पण त्यांच्या पेटीशिवाय आमच्या संगीत नाटकातलं संगीत काढून टाकावं लागेल. ते एवढंच म्हणाले, “नांदी झाली ना? देवाक हाक मारून झाली ना? मगे प्रयोग झालो. तेच्या फुडे पाऊस पडलो, दिवो गेलो, तो देवाचो हिशोब. तुमी कित्याक कागद भरतास?”

मास्तरांचा चेहरा पडला. एका वाक्यात उत्तर निघणारं गणित त्यांनी पानभर सोडवलं होतं.

मग साजरं कसं करायचं यावर चर्चा वळली. इथे मामांच्या नातवाने मोबाइल काढला. हा कुडाळच्या कॉलेजात शिकतो आणि जगाची माहिती त्याच्या खिशात असते. तो म्हणाला, न्यूयॉर्कला ब्रॉडवेवर ‘अ कोरस लाइन’ नावाचं संगीत नाटक होतं. २९ सप्टेंबर १९८३ रोजी त्याचा ३,३८९वा प्रयोग झाला आणि तोपर्यंतचे सगळे विक्रम मोडले. त्या रात्री त्यांनी काय केलं, तर देशोदेशीच्या संचांतून त्या नाटकात नाचलेल्या ३३२ जणांना एकाच रंगमंचावर आणून नाचवलं. पुढे १९९७ साली ‘कॅट्स’ने त्यालाही मागे टाकलं आणि २००६ साली ‘द फँटम ऑफ द ऑपेरा’ने ‘कॅट्स’ला. म्हणजे तिकडेही पालखीसारखं आहे. एक खांदा बदलतो, दुसरा देतो.

बाकी सगळं बाजूला राहिलं आणि ३३२ हा आकडा चिटणिसांच्या डोक्यात बसला. पंचवीस प्रयोगांत ज्यांनी ज्यांनी तोंडाला रंग लावला त्या सगळ्यांना रंगमंचावर बोलवायचं ठरलं. यादी केली ती एकसष्ट जणांची झाली. त्यात भालदार-चोपदार धरले, दोन हरणं धरली आणि एका वर्षी विंगेत झोपेतून उठून चुकून रंगमंचावर आलेला एक गृहस्थही धरला. आपला रंगमंच फळ्यांचा आहे, त्याला एकसष्ट जण झेपतील का, असं सुतार विचारत होता. पण तो तांत्रिक मुद्दा असल्यामुळे त्याच्याकडे कोणी लक्ष दिलं नाही.

नातवाने पुढे लंडनचं सांगितलं. तिथे अगाथा ख्रिस्तीचं ‘द माऊसट्रॅप’ २५ नोव्हेंबर १९५२पासून चाललंय. १८ नोव्हेंबर २०१२ला पंचवीस हजारावा प्रयोग झाला. थेटरच्या दिवाणखान्यात एक लाकडी फलक आहे, त्यावर आज कितवा प्रयोग ते रोज बदलतात. कोरोनात मार्च २०२०पासून मे २०२१पर्यंत तोही फलक थांबला होता, पुन्हा सुरू झाला. पहिल्या दिवसापासूनच्या सामानात आता एक घड्याळ तेवढं शिल्लक आहे. नट बदलले, पडदे बदलले, घड्याळ तेच.

“आमचा पण पुस्तक तेच आसा,” चिटणीस अभिमानाने म्हणाले.

“आणि त्या नाटकात एक बाई होत्या,” नातू सांगत होता. “नॅन्सी सीब्रूक. पंधरा वर्षं, ६,२४० प्रयोग त्या बदली नटी म्हणून विंगेत तयार होत्या. मुख्य नटी आजारी पडली तर आत जायचं. त्यातले प्रत्यक्ष रंगमंचावर गेल्या फक्त बहात्तर वेळा.”

सगळे हसले. मामा हसले नाहीत. त्यांनी विचारलं, “सा हजार रात्री ती बाय तोंडाक रंग लावन बाजूक बसान रवली?”

“हो.”

“आणि त्येनी तिचे रात्री मोजले?”

“मोजले ना, आजो. म्हणून तर आपल्याला कळलं.”

मामा काही बोलले नाहीत. पण मला वाटतं, त्यांचं मन त्या बैठकीत तेवढ्या एकाच गोष्टीत गुंतलं. आणि नेमकं तेच त्यांच्या नातवाच्याही डोक्यात शिरलं.

मामांबद्दल सांगायला हवं. मामा दशावताराच्या कंपनीत पेटी वाजवतात. मुंबई-पुण्याच्या वाचकांसाठी थोडं सांगतो, बाकीच्यांनी पुढच्या परिच्छेदावर जायला हरकत नाही. आमच्याकडे दिवाळी झाली की गावोगावच्या देवळांच्या जत्रा सुरू होतात आणि जत्रा म्हटली की दशावतार. मोचेमाड, वालावल, चेंदवण, खानोली अशा गावांच्या नावांनी चालणाऱ्या या मंडळ्या आज या गावी तर उद्या त्या गावी असा वैशाखापर्यंत मुक्काम हलवत असतात. रात्री उशिरा आडदशावतार सुरू होतो. गणपती येतो, ऋद्धी-सिद्धी येतात, सरस्वती येते, संकासुर येऊन पोरांना हसवतो. मग आख्यान लागतं ते थेट उजाडेपर्यंत, शेवटी दहीकाला. लिहिलेली संहिता नाही. आज कुठलं आख्यान ते नाईक सांगणार आणि राजे, राण्या, राक्षस आपापली भाषणं उभ्या उभ्या रचणार. बायकांची कामं पुरुषच करतात. साथीला पखवाज, झांज आणि पायपेटी. पेटीवाला रंगमंचाच्या बाजूला बसतो. त्याच्याकडे कोणी बघत नाही, पण तो थांबला तर इंद्रसुद्धा स्वर्गात अडखळतो. पूर्वी हा सगळा संसार पेटाऱ्यात भरून डोक्यावरून पुढच्या गावी न्यायचे, म्हणून ‘रात्री राजा, सकाळी डोक्यार बोजा’ अशी म्हणच पडली. आता टेम्पो आहे.

मामा १९८०च्या दिवाळीनंतर कंपनीत शिरले. म्हणजे ज्या वर्षी ‘वस्त्रहरण’ आलं त्याच वर्षी. फक्त ‘वस्त्रहरण’चे प्रयोग मोजले गेले आणि मामांचे नाहीत. दशावतारात प्रयोग मोजायची पद्धतच नाही. ज्याला संहिता नाही, तिकीट नाही आणि रोज आख्यान वेगळं, त्याला क्रमांक कुठला घालणार? आणि जाहिरात करायची तर ती देवीच्या नावाने, जत्रेची.

मंडळाने रौप्यमहोत्सवात मामांचा सत्कार करायचं ठरवलं आणि मानपत्र लिहायचं काम माझ्याकडे आलं. ‘आपण आजवर ......... प्रयोगांना साथ केली’ इथे मी अडलो. मामांना विचारलं.

“मोजतलो कोण?” मामा म्हणाले.

नातू कॅल्क्युलेटर काढून बसलाच होता. “हंगामाला दीडशे रात्री धरू. बंद राहिलेला एक हंगाम सोडून बेचाळीस हंगाम. एकशे पन्नास गुणिले बेचाळीस, सहा हजार तीनशे!” तो ताडकन उठला. “आजो! तुम्ही ‘वस्त्रहरण’च्या पाच हजारांच्या पुढे! त्या लंडनच्या बाईच्यासुद्धा साठांनी पुढे! आणि त्याच नाटकात डेव्हिड रेव्हन नावाचा नट होता, त्याचे ४,५७५. त्याची गिनीज बुकात नोंद आहे!”

मलाही स्फुरण चढलं. ज्या माणसाच्या पेटीच्या भात्याला लहानपणी मी चिंचेचा चीक लावून ठेवला होता, तो चक्क जागतिक विक्रमाचा माणूस निघाला. मी पेन काढलं. मामांनी हात पुढे करून कागदावर तळवा ठेवला. तो हात थोडा कापत होता. पेटीवर असताना तो कापत नाही, हे मला मागाहून आठवलं.

“भाच्या, आकडो नको.”

“का पण, मामा? खोटा थोडाच आहे?”

“खोटो नाय. पण वाण्याच्या दुकानात आकडो कधी लिवतत? वही मिटताना. खाली रेघ मारतत, बेरीज लिवतत आणि म्हणतत, संपला. माझी वही अजून उघडी आसा.”

“मामा, पण ती लंडनची बाई...”

“तिचे मोजले, बरा केला. ती घराक गेली तेवा मोजले ना?”

नातवाने मोबाइलवर पाहिलं. त्या १९९४ साली काम सोडून गेल्या तेव्हाचा तो आकडा होता. तो काही बोलला नाही. मीही नाही. मामींनी आतून चहा आणला, आम्ही तिघं तो प्यायलो.

मी मुंबईला आल्यावर या गोष्टीचा पुष्कळ विचार केला. मामांचं म्हणणं मला तेव्हा गावठी हट्ट वाटलं होतं. जेवताना भाकऱ्या मोजू नयेत म्हणतात, त्यातलंच काही. पण त्याच वर्षी १६ एप्रिलला न्यूयॉर्कचं ‘फँटम’ बंद झालं. पस्तीस वर्षं चाललेलं नाटक. दुसऱ्या दिवशी पेपरात आकडा आला, १३,९८१. तोवर ‘तेरा हजारांच्या वर’ असं मोघम असायचं. बंद झालं आणि आकडा एका एककापर्यंत पक्का झाला. तेव्हा मला ती वाण्याची वही आठवली. शेवटचा आकडा पुसून कोणी पुन्हा लिहीत नाही. ‘माऊसट्रॅप’वाल्यांनी फलक लाकडी ठेवलाय तो उगीच नाही. त्यावरचा आकडा बदलता येतो.

असो. रौप्यमहोत्सव झाला, तो कसा झाला ते सांगतो.

पूजा आटोपून नऊ वाजता कार्यक्रम सुरू व्हायचा होता, तो साडेदहाला झाला. एकसष्ट आजी-माजी कलावंत रंगमंचावर चढले. अठ्ठेचाळिसाव्याला रंगमंच एका बाजूने वीतभर खचला आणि उरलेले तेरा खालीच उभे राहिले. त्यांत दोन्ही हरणं होती. मुंबईहून मुद्दाम भाड्याची गाडी करून आलेला एक चोपदार खाली राहिला म्हणून अजून मंडळाशी बोलत नाही. ३३२ जण तिकडे कसे उभे राहिले असतील, कोण जाणे. त्यांचा सुतार चांगला असावा.

मग मानपत्र. रिकामी जागा रिकामीच छापली होती. वाचणारे चिटणीस त्या जागेपाशी आले, थबकले आणि म्हणाले, “अं... सहा हजारांच्या वर प्रयोगांना साथ केली.” प्रमुख पाहुण्यांनी भाषणात तो आकडा दहा हजार केला. आभार मानणाऱ्याने ‘पंधरा-वीस हजार प्रयोगांचे धनी’ म्हटलं. आणखी दोन भाषणं झाली असती तर मामांनी किर्लोस्करांच्या १८८० सालच्या ‘शाकुंतला’लाही पेटी वाजवली असती. मामा शाल पांघरून, नारळ मांडीवर घेऊन शांत बसले होते. उत्तर द्यायला उठवलं तेव्हा म्हणाले, “माका बोलाक येणा नाय. नाटाक सुरू करा, माणसां झोपली.”

नाटक दीडला सुरू झालं. तिसरा अंक संपला तेव्हा पूर्ण उजाडलं होतं. नायिकेच्या गालावर मिशीची खुरटं दिसायला लागली होती. उन्हात राजाचा मुकुट पुठ्ठ्याचा असल्याचं पंचवीस वर्षांत पहिल्यांदा सर्वांना कळलं. पण भैरवीच्या वेळी जे कोणी जागे होते ते हलले नाहीत. खचलेल्या रंगमंचाला टेकून मामा वाजवत होते आणि ते ऐकताना हा कितवा प्रयोग, असा प्रश्न कोणाच्या मनात असेल असं मला वाटत नाही. १९२१च्या ८ जुलैला मुंबईत बालगंधर्व आणि केशवराव भोसल्यांनी टिळक स्वराज्य फंडासाठी ‘संयुक्त मानापमान’ केलं, त्या एका रात्रीबद्दल लोक शंभर वर्षं बोलत आले आहेत. त्या रात्रीला क्रमांक लागत नाही. आमच्या पहाटेबद्दल कोणी शंभर वर्षं बोलणार नाही, हे मलाही कळतं. पण मी अजून बोलतोय.

भैरवी संपल्यावर मामांनी पेटी मिटली, रस्त्यावर कंपनीचा टेम्पो उभा होता त्यात ठेवली आणि पुढच्या जत्रेला निघून गेले.

सत्काराच्या वस्तूंचं पुढे काय झालं, हाही हिशोब देतो. श्रीफळ दुसऱ्याच दिवशी मामींनी फोडलं, त्याची सोलकढी झाली. शाल मामा जत्रेत थंडीला पांघरतात. सन्मानचिन्ह जड आहे, ते वाऱ्याने आपटणाऱ्या मागच्या दाराला लावतात. मानपत्र ओटीवर टांगलंय, रिकाम्या जागेसकट.

गेल्या हंगामात मी एका जत्रेला मुद्दाम गेलो. मामांचे गुडघे आता रात्रभर बसू देत नाहीत. आडदशावतार त्यांनी वाजवला. गणपती आला, सरस्वती आली, संकासुराने पोरांना हसवलं. मग आख्यान लागायच्या वेळी ते पेटीमागून उठले आणि नातू तिथे बसला. कॉलेज सांभाळून तो हल्ली शनिवार-रविवारी जातो. मामा माझ्या शेजारी येऊन शाल गुंडाळून बसले. अर्ध्या रात्री त्यांनी मला कोपराने ढोसलं.

“मेलो घाई करता,” ते म्हणाले. पण खूश होते.

आमच्या पुढच्याच रांगेत चिटणीस बसले होते. ते मागे वळले. माणूस चांगला, पण डोक्यातून आकडा जात नाही.

“मामानू,” त्यांनी हळूच विचारलं, “आता अर्धीच रात वाजवलास. ह्यो प्रयोग धरूचो काय नाय?”

मामांनी माझ्याकडे बघितलं आणि मग त्यांच्याकडे.

“नांदी झाली ना?” ते म्हणाले. “धर.”